एकट्या माणसाचा अर्ज

माझ्या वडिलांच्या लोखंडी पेटीत एक अर्ज आहे. फुलस्केप कागदावर, निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात लिहिलेला. वर तारीख ऑगस्ट १९९३ ची. खाली सहीसाठी सोडलेली जागा कोरी. हा अर्ज कुठल्याही कचेरीत गेला नाही, त्याच्यावर कुणाचा शिक्का पडला नाही. तरी अब्बांनी तो फाडला नाही. चार घड्या घालून रेशनकार्डाच्या खाली ठेवून दिला. न गेलेल्या त्या अर्जाच्या निमित्ताने आज तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. विषय तसा रुक्ष वाटेल. कामावरून काढलेल्या किंवा वेळेआधी निवृत्त केलेल्या कामगाराने दाद कुणाकडे मागायची, आणि त्याचा निवाडा करणाऱ्याच्या निवाड्यावर पुन्हा कुणी नजर टाकायची? पण या प्रश्नाचा इतिहास पाहू गेले तर तो थेट आपल्या वऱ्हाडातून जातो आणि आपल्याला त्याची फारशी खबर नाही.

अब्बा खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात फिटर होते. खामगाव म्हणजे कापसाचे गाव. १८७० मध्ये जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठीच. दिवाळी झाली की बैलगाड्यांच्या रांगा लागत, रेचे सुरू होत, आणि हवेत रुईचे तंतू तरंगत. हंगामी मजूर येत आणि जात. अब्बांसारखी यंत्रे सांभाळणारी चार-दोन माणसे तेवढी बारमाही. १९५३ च्या हंगामात ते कामाला लागले आणि ३० जून १९९३ ला त्यांना सांगण्यात आले की तुमची साठ वर्षे भरली. रजिस्टरात जन्मतारीख होती १ जुलै १९३३.

आपल्याकडे १ जुलैला जन्मलेली माणसे किती आहेत, याचा तुम्हाला अनुभव असेलच. ज्याची तारीख ठाऊक नाही त्याची १ जुलै. शाळेत घालताना मास्तर लिहीत, कारखान्यात कारकून लिही. अब्बा शाळेत गेले ते जेमतेम दोन वर्षे आणि दाखला कुणी काढलाच नव्हता. त्यामुळे कारकुनाने लिहिली ती तारीख भविष्यनिर्वाह निधीच्या फॉर्मवर गेली आणि चाळीस वर्षे तिथेच पक्की झाली.

आता घरातली तारीख बघा. माझी दादी निरक्षर होती, पण तिच्या डोक्यात दोन पंचांगे शेजारी शेजारी होती. एक चाँदचे, एक गावाचे. ती सांगायची, तुझा बाप शाबानच्या महिन्यात झाला. त्याच महिन्यात दसरा आला होता, पहिली वेचणी चालू होती, आणि दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच रोज्यांचा चाँद दिसला. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे शाबान दर वर्षी मागे मागे सरकतो. दसरा आणि शाबान एकत्र येण्याचा योग काही वर्षांपुरताच असतो आणि मग तीसेक वर्षांनी पुन्हा येतो. मी तेव्हा नुकताच बी. ए. झालो होतो. जुनी पंचांगे आणि जंत्र्या मिळवून हिशेब मांडला. १९३३ साली शाबान नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लागला, म्हणजे दसरा-दिवाळी केव्हाच उरकल्यावर. १९३८ साली मात्र शाबान सप्टेंबरअखेर लागला, दसरा त्यात आला, दिवाळी २३ ऑक्टोबरच्या सुमारास झाली आणि पाठोपाठ रमजान. दादीच्या तिन्ही खुणा १९३८ ला बरोबर जुळत होत्या. म्हणजे ३० जून १९९३ ला अब्बांची पंचावन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

आपल्या भागात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवी आणि ते कोतवाल बुक आजही जुन्या कामांत पुरावा म्हणून मागतात. आम्ही ते शोधले. नेमके त्या वर्षाचे पान मिळाले नाही. हातात उरली दादीची आठवण आणि माझा पंचांगाचा कागद.

तुम्ही म्हणाल, पाच वर्षांचा तर फरक, त्यात एवढे काय? फरक कायद्याच्या एका व्याख्येत आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात १९५३ साली ‘कामगार कपाती’ची व्याख्या घातली गेली. कपात केली तर मालकाने नोटीस द्यायची आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. पण त्या व्याख्येतून ठरलेल्या वयाला झालेली निवृत्ती वगळली होती. म्हणजे एखाद्याला पंचावन्नाव्या वर्षी काढले तर ती बडतर्फी किंवा कपात होते, तिला कारण द्यावे लागते, चौकशी लागते, भरपाई लागते. त्याच माणसाच्या कागदावर साठ लिहिलेले असले की तीच गोष्ट निवृत्ती होते. मग कारण नको, चौकशी नको. हार घालायचा, नारळ द्यायचा आणि फाटक दाखवायचे. अब्बांनाही हार घातला होता.

हे साठ वर्षांचे वयसुद्धा सहज ठरलेले नाही. पूर्वी खाजगी कारखान्यांत निवृत्तीचे वय मालक ठरवी आणि ते बहुधा पंचावन्न असे. सरकारी नोकरीचीच ती नक्कल होती. मुंबईच्या कामगारांनी त्याला हरकत घेतली. डनलॉप रबर कंपनीच्या मुंबईतील कर्मचाऱ्यांच्या वादात न्यायाधिकरणाने साठ वर्षे ठरवली. कंपनीचे म्हणणे, आमच्याकडे देशभर पंचावन्न आहे, मुंबईला वेगळे का? १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. त्या त्या प्रदेशात त्या त्या उद्योगांची जी रीत पडत चालली आहे तिच्याप्रमाणे न्यायाधिकरणाने ठरवले तर त्यात गैर नाही, असा त्याचा आशय. पुढे मुंबई राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांतही साठ वर्षांचे वय आले. तेव्हा अब्बांना साठ मिळणार होते, हे अशा अनेक अनोळखी कारकुनांच्या लढ्याचे देणे होते. फक्त साठ कुठून मोजायचे, हे कारखान्याच्या कारकुनाच्या दौतीत राहून गेले.

इथे मूळ प्रश्न येतो. समजा, माझ्यावर अन्याय झाला. मी एकटा आहे, युनियन नाही. मला दाद मागता येते का?

इंग्रजी अमदानीत मालक-नोकराचे नाते म्हणजे करार. मालकाने करार मोडला तर दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागा, पण कोर्ट त्याच माणसाला पुन्हा कामावर ठेवायला मालकाला भाग पाडत नसे. १९४७ च्या केंद्रीय कायद्याने ‘पुन्हा कामावर घ्या’ असे सांगण्याची ताकद न्यायाधिकरणांना मिळाली. पण त्यातली मेख अशी की तो कायदा ‘औद्योगिक विवादा’साठी होता, आणि विवाद म्हणजे कामगारांच्या समूहाचा. एकट्याची तक्रार युनियनने किंवा बऱ्याच साथीदारांनी उचलून धरली तरच तिला विवादाचे रूप येई, अशी समजूत हळूहळू पक्की होत गेली.

त्याच १९४७ मध्ये नागपूरच्या विधिमंडळाने आपला वेगळा कायदा केला. तेव्हा बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ हे वऱ्हाडचे चारही जिल्हे मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड औद्योगिक विवाद निवारण कायदा’ असे त्याचे नाव. त्याच्या सोळाव्या कलमात एक साधी सोय होती. सरकारने ज्या उद्योगांना हे कलम लागू केले असेल, तिथल्या बडतर्फ झालेल्या कामगाराने सहा महिन्यांच्या आत लेबर कमिशनरकडे अर्ज करायचा. कमिशनरने चौकशी करून, काढणे गैर ठरले तर कामावर परत घ्यायला किंवा भरपाई द्यायला सांगायचे. त्याच्या निर्णयावर नागपूरच्या औद्योगिक न्यायालयाकडे दाद. या सगळ्यात युनियनची अट नव्हती. एक माणूस, एक कागद.

या कलमाची कसोटी लागली ती एका बस मेकॅनिकच्या प्रकरणात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस नावाची आपल्या प्रांतातली मोटार कंपनी. एसटी अजून आपल्याकडे यायची होती. १९५० च्या जूनमध्ये कंपनीचा काही माल चोरीला गेला आणि संशय एका सहायक मेकॅनिकवर आला. चौकशी झाली आणि त्याच महिन्यात त्याला काढून टाकले. वर फौजदारी खटलाही भरला. १९५२ च्या मार्चमध्ये तो निर्दोष सुटला. आता मला परत घ्या, असे तो कंपनीला म्हणाला. कंपनीने ऐकले नाही. लेबर कमिशनरकडे गेला तर उत्तर मिळाले, सहा महिन्यांची मुदत कधीच संपली. मग त्याने औद्योगिक न्यायालयात अर्ज केला. कंपनीने हरकत घेतली की हा एकट्या माणसाचा वाद आहे, त्याच्यामागे युनियन नाही, तेव्हा हा औद्योगिक विवादच नव्हे. शिवाय ज्याला काढून टाकले तो आता कर्मचारी तरी कुठे राहिला?

हा वाद दिल्लीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५६ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला राज्य पुनर्रचना होऊन आपला वऱ्हाड मुंबई राज्यात गेला होता. न्या. वेंकटराम अय्यर यांनी निकालपत्रात देशभरच्या न्यायालयांची मते मांडली. एकट्याचा वाद हा विवाद असूच शकत नाही, असे काही म्हणत. असू शकतो, असे काही म्हणत. तर तो एरवी विवाद नसला तरी युनियनने उचलला की विवाद होतो, असे तिसरे मत. केंद्रीय कायद्यापुरता कौल या तिसऱ्या मताकडे झुकत होता. पण वऱ्हाड-मध्यप्रांताच्या कायद्याने एकट्या बडतर्फ कामगाराला स्वतः अर्ज करण्याचा हक्क स्पष्टच दिला आहे, तेव्हा या कायद्याखाली एकट्याचा वादही विवाद ठरतो आणि काढून टाकलेला माणूसही ‘कर्मचारी’ या शब्दात बसतो, असे न्यायालयाने ठरवले. कंपनीचे अपील फेटाळले.

हा निकाल वाचताना मला त्या मेकॅनिकच्या चिकाटीचे नवल वाटते. निकालपत्रात त्याचे नाव आहे, पण त्याच्या घरात तेव्हा काय शिजत होते हे कुठल्याच निकालपत्रात नसते. आणि लक्षात घ्या, १९५६ मध्ये त्याने जिंकले ते एवढेच की त्याचा अर्ज ऐकता येईल. चोरीचा डाग धुतला जाऊनही ‘मला बोलू द्या’ एवढ्यासाठी सहा वर्षे गेली.

पुढची गोष्ट आणखी विलक्षण. १९६५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबईचा औद्योगिक संबंध कायदा विदर्भाला लागू केला आणि आपला जुना प्रांतिक कायदा रद्द झाला. त्याच वर्षी, डिसेंबर १९६५ पासून, केंद्रीय कायद्यात ‘दोन-अ’ नावाचे कलम आले. त्यात म्हटले की एखाद्या कामगाराला काढून टाकले तर दुसरे कुणीही, युनियनसुद्धा, सामील नसले तरी तो औद्योगिक विवादच समजावा. ज्या वर्षी वऱ्हाडचा कायदा गेला त्याच वर्षी त्यातले तत्त्व साऱ्या देशाला लागू झाले. आपण संत्री आणि कापूस देशाला दिला असे म्हणतो. एकट्या कामगाराला दाद मागण्याचा हक्क पहिल्यांदा नोंदवणाऱ्यांतही आपण होतो, हे शाळेच्या पुस्तकात कुणी सांगत नाही.

आता दुसरा भाग. अर्ज ऐकला, निवाडा झाला. पण निवाडा करणाराच चुकला तर?

सुरुवातीला न्यायाधिकरणांचे हात बांधलेले होते. १९५७ मध्ये इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कामगारावर शिस्तीची कारवाई करणे हा मालकाचा अधिकार आहे. न्यायाधिकरणाने मालकाच्या निर्णयावर अपील ऐकल्यासारखे बसू नये. हेतू शुद्ध नसेल, सूड किंवा अनुचित प्रथा असेल, चौकशीत मूलभूत चूक झाली असेल किंवा नैसर्गिक न्याय मोडला असेल, किंवा निष्कर्षाला पुराव्याचा आधारच नसेल, तरच हात घालावा. गुन्हा खरा पण शिक्षा फार, एवढ्यावर सहसा काही करता येत नसे. हे चित्र १५ डिसेंबर १९७१ पासून बदलले. ‘अकरा-अ’ कलम आले आणि पुरावा नव्याने तपासण्याचा, शिक्षा कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला.

याच कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट आली होती. दोन्ही बाजूंनी आपसात ठरवून लवाद नेमायचा आणि त्याचा निवाडा मानायचा. लवादाची कल्पना आपल्याला नवी नाही. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या संपात गांधीजींनी उपास केला तेव्हा शेवट लवादानेच झाला होता, आणि आनंदशंकर ध्रुव यांनी कामगारांची ३५ टक्के वाढीची मागणी मान्य केली होती. लवाद म्हणजे गावातल्या दोघांनी मिळून मानलेला पंच. पण पंचावरही कोर्ट असते का? मालकांची बाजू म्हणे, लवाद हा खाजगी माणूस; दोघांनी मिळून नेमला, आता हायकोर्टात कसले जाता?

बिहारमधल्या डालमियानगरच्या रोहतास इंडस्ट्रीजमध्ये १९५७ साली संप झाला होता. तिथल्या लवादांनी उलट कामगारांनीच कंपनीला नुकसानभरपाई द्यावी असा निवाडा दिला. पाटणा हायकोर्टाने तो भाग रद्द केला. कंपनी वर गेली. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या कायद्याखालचा लवाद नुसता खाजगी पंच नसतो. त्याला कायद्याचे बळ आहे, तेव्हा त्याच्यावर हायकोर्टाची नजरही आहे. संप १९५७ चा, निकाल १९७५ चा. मधल्या अठरा वर्षांत त्या संपात उतरलेले किती जण निवृत्त झाले असतील आणि किती अल्लाघरी गेले असतील, याचा विचार करून बघा.

मग आले अहमदाबादच्याच गुजरात स्टील ट्यूब्जचे प्रकरण. १९७३ च्या सुरुवातीला तिथे संप झाला आणि ८५३ कामगारांना एकदम कामावरून कमी केले. हुकूम अगदी साधा होता. त्यावर बडतर्फी हा शब्द नव्हता, सेवा समाप्त असे सभ्यपणे लिहिले होते. लवाद नेमला, त्याने कंपनीचे बरोबर ठरवले. गुजरात हायकोर्टाने तो निवाडा उलटवला आणि कामगारांना परत घ्या असे सांगितले. १९ नोव्हेंबर १९७९ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी हायकोर्टाची मूळ बाजू उचलून धरली. बहुमताचे निकालपत्र न्या. कृष्ण अय्यर यांचे, त्यांच्यासोबत न्या. देसाई, आणि विरोधी मत न्या. कोशल यांचे. बहुमताचे म्हणणे असे की हुकूमावर कोणता शब्द लिहिला आहे एवढेच पाहू नका, त्याच्या मागे काय घडले ते पाहा. शिक्षा म्हणून काढले असेल तर गोड शब्दाने ती शिक्षा लपत नाही. ‘अकरा-अ’चा अधिकार लवादालाही आहे. आणि लवादाने कायदाच चुकीचा धरला असेल तर हायकोर्ट त्याला दुरुस्त करू शकते.

पण हायकोर्ट म्हणजे तिसऱ्यांदा सगळा पुरावा चाळणारे अपील कोर्ट नव्हे, हेही न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. आपल्याकडच्या माणसाला हे समजावताना मी कापूस बाजाराचा दाखला देतो. वरचा अधिकारी येतो तेव्हा तो प्रत्येकाच्या गाडीतला कापूस पुन्हा तोलत बसत नाही. तो काटा तपासतो. वजने खरी आहेत का, दांडी सरळ आहे का, तोलणाऱ्याने माल नीट पाहिला का. काटा चुकीचा निघाला तर सगळे तोलणे रद्द. काटा बरोबर असेल तर चार-दोन किलोच्या कुरबुरीसाठी तो थांबत नाही. न्यायालयीन पुनर्विलोकन या जडजंबाल शब्दाचा अर्थ साधारण असा आहे. तो कळला नाही म्हणून कितीतरी कामगार खालच्या कोर्टात पुरावा द्यायला आळस करतात आणि हायकोर्टात सांगू म्हणून बसतात. तिथे मग सांगायला जागा नसते.

‘हुकूमावरचा शब्द पाहू नका’ हे वाक्य मी वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले ते १९९३ च्या ऑगस्टमध्ये. मला वाटले, हे तर आमचेच प्रकरण. कागदावर निवृत्ती, आत पाच वर्षे आधीच काढणे. वकील भला माणूस होता. त्याने सांगितले की महाराष्ट्रात १९७१ चा एक कायदा आहे, सप्टेंबर १९७५ पासून लागू झालेला. अनुचित कामगार प्रथांबद्दल एकटा कामगारही त्याखाली थेट कामगार न्यायालयात तक्रार करू शकतो, सरकारच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पण नव्वद दिवसांत. उशीर झाला तर सबळ कारण द्यावे लागेल. ३० जूनपासून मोजले तर सप्टेंबरच्या २८ तारखेपर्यंत वेळ होती. मी त्या रात्रीच अर्ज लिहिला. शाबान, दसरा, दिवाळी, सगळा हिशेब त्यात घातला.

अब्बांनी तो वाचून घेतला. म्हणाले, “निकाल लागेपावतर मी खराच साठचा होऊन जाईन.” आणि सही केली नाही.

मला राग आला. भित्रेपणा वाटला. दहा-बारा दिवस आम्ही धड बोललो नाही. २८ सप्टेंबर आली आणि गेली. खरे कारण त्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितले, मी स्वतः बाप झाल्यावर. १९५३ मध्ये ते कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले तेव्हा पंधरा वर्षांचे होते. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरचा दाखला लागे, कामाचे नियम वेगळे. मुकादम म्हणाला, वीस सांग, आजपासून लाग. घरात दादा आजारी, खाणारी पाच तोंडे. अब्बा धिप्पाड होते. त्यांनी वीस सांगितले. कारकुनाने १९३३ लिहिले. “तवा पाच वर्सं मीच वाढून घेतली,” ते म्हणाले, “त्यानं शेवटी कापून घेतली. आता कोर्टात उभं राहून कोणत्या तोंडानं सांगू?”

कायद्याच्या नजरेने पाहिले तर त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. त्याच १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने हरनामसिंग प्रकरणात सांगितले होते की निवृत्तीच्या तोंडावर जन्मतारीख बदलून मागणे मान्य होणार नाही; चूक होती तर वेळीच सांगायचे होते. आपल्या राज्याच्या सरकारी नोकरांसाठीही १९८१ च्या नियमांत नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आतच तारीख बदलून मागण्याची अट आहे. आणि वय वाढवून सांगून काम मिळवले, मग तेच वय खोटे म्हणायचे, हे न्यायालयांना सहसा रुचत नाही. मला एवढेच खटकते की पंधरा वर्षांच्या पोराने सांगितलेले वय लिहून घेणाऱ्याला डोळे होते. मुकादमालाही होते. खोटे तिघांनी मिळून लिहिले आणि भोगले एकाने. हे एखाद्या न्यायाधीशासमोर मांडले गेले असते तर त्याने काय केले असते, मला माहीत नाही. पण निदान ते मांडले गेले असते. नागपूरच्या त्या जुन्या कायद्याने दिले होते ते एवढेच, आणि त्या मेकॅनिकने सहा वर्षे झगडून मिळवले तेही एवढेच.

त्यानंतर कायदे बदलत गेले. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्याखालीही कामगाराला सरकारी संदर्भाशिवाय थेट न्यायालयात जायची वाट मिळाली आणि मुदत तीन वर्षांची झाली. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४७ चा कायदा इतिहासजमा झाला. एकट्याचा वाद तिथेही विवाद मानला आहे, लवादाची वाटही ठेवली आहे. पण वाद उत्पन्न झाल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी तो हाती घेऊ शकत नाही. सहा महिने, नव्वद दिवस, तीन वर्षे, दोन वर्षे. दाद मागायचे दार प्रत्येक कायद्यात आहे आणि प्रत्येक दाराला घड्याळ लावलेले आहे.

अब्बा २०११ मध्ये गेले. अजूनही गावाकडची, जिनिंगमधली, दुकानातली माणसे कधी कधी माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. कविता लिहितो म्हणजे अर्जही बरा लिहीत असेन, असा त्यांचा समज. मी वकील नाही, तसे सांगून त्यांना वकिलाकडेच पाठवतो. पण त्याआधी दोन गोष्टी विचारतो. तरण्या पोरांना विचारतो, कंपनीच्या कागदावर तुझी जन्मतारीख काय लिहिली आहे, कधी पाहिलीस का? आज पाहा, चुकली असेल तर आजच लेखी कळव. आणि ज्याला कामावरून काढले आहे त्याला विचारतो, बाबा, कागद हातात पडला ती तारीख कोणती? मग कॅलेंडर काढतो आणि दोघे मिळून दिवस मोजतो.